साडेतेरा तासांचं निमित्त

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या बैठकीत एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. पाहुणे मूळचे अमरावतीचेच. शाळा-कॉलेज इथं झालं, पुढची सगळी नोकरी कॅलिफोर्नियात. फळ्यावर विषय लिहिला होता, 'परदेशी मुलं आणि वेळेचं नियोजन'. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, कारण आमच्याकडच्या दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी तिकडं आहे.

पाहुणे गोड बोलले. मुलांचे फोन कमी होतात त्यात मुलांची चूक नाही, पृथ्वी फिरते त्याला कोण काय करणार? मुलांना श्वास घ्यायला फुरसत नसते, ज्येष्ठांकडे मात्र वेळच वेळ असतो. तेव्हा जुळवून घ्यायचं ते ज्येष्ठांनी. भिंतीवर तिकडच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावा, मुलं गाडीतून दहा मिनिटं बोलली तरी त्यात आनंद माना, अपेक्षा कमी करा. शेवटी सगळ्यांना एकेक छापील तक्ता मिळाला. डावीकडे आपली वेळ, उजवीकडे त्यांची. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शाळेतली सवय, पाहुणा बोलून बसला की हात आपोआप वाजतात.

माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा तेवढे हात बांधून बसले होते. उठताना शेजाऱ्याला म्हणाले, "याले काय जाते सांगायले!" एवढं एक वाक्य सोडलं तर त्या दिवशी पाहुण्यांना कोणी उत्तर दिलं नाही. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. शिवाय माझी लेक कॅलिफोर्नियात आणि धाकटी बहीण अकोल्यात. म्हणून उत्तर मीच देते.

पृथ्वी फिरते हे पाहुण्यांचं म्हणणं मान्य. अमरावती साधारण पावणेअठ्ठ्याहत्तर पूर्व रेखांशावर आहे, अकोला सत्त्याहत्तरवर. म्हणजे सूर्य आमच्याकडे आधी येतो आणि माझ्या बहिणीकडे तीन मिनिटांनी. या तीन मिनिटांवरून आमच्या दोघींचं अजून भांडण झालेलं नाही, कारण दोघींच्या भिंतीवरचं घड्याळ सूर्याचं नाहीच. ते साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचं. त्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा अमरावतीत सूर्याला माथ्यावर यायला सरासरी अजून एकोणीस मिनिटं बाकी असतात. कोणी तरी ठरवलं, आपण मानलं.

आणि ते सुखासुखी मानलं असंही नाही. एकेकाळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची. त्या हिशेबानं बडनेऱ्याच्या फलाटावरचं घड्याळ अमरावतीच्या सूर्यापेक्षा दहा मिनिटं पुढं. गाडीची वेळ एक, गावाची वेळ दुसरी. 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईचं घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढं न्यावं लागणार होतं. गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं. त्यांना रेखांशाशी काय देणंघेणं? प्रश्न साधा होता. घड्याळ पुढं गेलं की 39 मिनिटं आधी उठायचं कोणी, मालकानं की आम्ही? मुंबई महापालिका तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपली जुनी 'मुंबई वेळ' धरून बसली होती. तिकडे आसामच्या चहामळ्यांत आजही 'बागान टाइम' चालतो, आपल्यापेक्षा तासभर पुढं. वेळ ठरवताना माणसं भांडलेली आहेत, कारण वेळ ठरली की कोणाची तरी झोप जाते हे त्यांना कळत होतं. आपणच तेवढे शहाणे निघालो, पृथ्वीवर ढकलून मोकळे झालो.

पाहुण्यांच्या तक्त्याचंच घ्या. त्यात कॅलिफोर्निया आणि अमरावती यांच्यातला फरक साडेतेरा तास दिला आहे. डिसेंबरात बरोबर. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं एक तास पुढं नेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं आणते. म्हणजे वर्षातले जवळजवळ आठ महिने तो फरक साडेबारा तासांचा असतो. न्यू जर्सीशी तोच साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. इंग्लंडचा आणखी वेगळा न्याय, त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात. युद्धकाळात, 1942 ते 1945, आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढं ठेवली होती. आता आपण तो उद्योग करत नाही. तेव्हा पाहुण्यांनी वाटलेला कागद जास्तीत जास्त चार महिने उपयोगाचा. मी तो कपाटाच्या फळीवर अंथरला आहे.

या एका तासानं काय होतं ते मी समोरच्या घरात पाहिलं. 2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली होती. समोरच्या बाईंचा भाऊ न्यू जर्सीत. आदल्या दिवशी ठरलं, त्याच्या सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल. बाईंनी साडेनऊ तास मिळवले आणि संध्याकाळी साडेसातला पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर मोबाइल उभा केला, मागून त्याला तांब्याचा टेका दिला. निरांजन लावलं. साडेसात झाले, पावणेआठ झाले. वात संपत आली, दुसरी घातली. फोन करावा तर भाऊ उचलेना, तो अंघोळीला गेला असावा. पोरं करंजीसाठी भुणभुण करायला लागली. आठ वाजता त्यांचे यजमान म्हणाले, "विसरला असेल." हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. साडेआठला बरोबर फोन वाजला, पलीकडे भाऊ नवा कुर्ता घालून, हसत, "बघ, अगदी दहाच्या ठोक्याला!" त्याचं खोटं नव्हतं. त्याच पहाटे त्याच्याकडची घड्याळं तासभर मागं गेली होती. त्याच्या फोननं स्वतःची वेळ गुपचूप बदलून घेतली, त्यालाही ती कळली नाही, मग बहिणीला कुठून कळणार? आता या तासाचा हिशेब पृथ्वीकडे मागायचा का? पृथ्वीनं त्या दिवशी काहीही वेगळं केलेलं नव्हतं.

इतकं मात्र मी मान्य करते की भावाची चूक नव्हती. पण आदल्या दिवशी बोलताना 'उद्या आमची घड्याळं बदलतात' हे लक्षात ठेवण्याचं काम कोणाचं, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या देशात घड्याळ हलतं त्याचं, की जिच्या देशात ते हलत नाही तिचं? पाहुण्यांच्या मते तिचं. तिनं दुसरं घड्याळ लावायला हवं होतं. भिंतीवरचं ते दुसरं घड्याळ, बरं का, नोव्हेंबरात आपणहून मागं जात नाही. त्यासाठी स्टूल घेऊन चढावं लागतं, आणि सत्तरीच्या माणसानं स्टुलावर चढू नये असंही याच मंडळात दुसऱ्या एका व्याख्यात्यांनी सांगितलेलं आहे.

आता 'ज्येष्ठांकडे वेळच वेळ'. हे वाक्य मला खरं झोंबलं.

कॅलिफोर्नियातला माणूस हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून निघतो आणि गाडी सुरू करून आईला फोन लावतो, तेव्हा अकोल्यात सकाळचे सात वाजलेले असतात. सकाळचे सात म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं माझ्या बहिणीकडे एक दिवस राहून पाहावं. अकोल्यात नळ रोज येत नाही. महानच्या धरणात पाणी किती यावर त्याचं येणं-जाणं. येतो त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं रांगेत उभं असतं. टाकी, पिंप, बादल्या, हंडे, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. दूधवाला त्याच वेळी, कामवाली त्याच वेळी, मेहुण्यांची साखर तपासायला येणारा लॅबवालाही त्याच वेळी, कारण रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. आणि तेवढ्यात फोन. बहीण म्हणते, "काय सांगू वं बाई, एक हात बादलीत अन् एक हात मोबाइलवर." नंतर करते म्हणावं तर नंतर त्याचं जेवण, मुलांचा अभ्यास, मग झोप. नंतर म्हणजे उद्या. म्हणून ती नळ सोडून येते. पलीकडून आवाज येतो, "बोल आई, काय म्हणतेस... एक मिनिट हं, लेन बदलतोय." दहा मिनिटांत ऐकू काय येतं? इंडिकेटरची टिकटिक, रस्ता सांगणारी ती बाई, आणि "बरं, घर आलं, ठेवतो." ज्या क्षणी त्याचं घर येतं, त्या क्षणी आईचा फोन संपतो. ही गोष्ट अकोल्यातल्या बाईला कळत नाही असं ज्याला वाटत असेल त्यानं जरूर वाटावं.

उन्हाळ्यात आणखी वेगळी तऱ्हा. मे महिन्यात अकोला पंचेचाळीसच्या पुढं जातं, अमरावती फार मागं राहत नाही. अकरा ते पाच दारं-खिडक्या बंद, कूलरपुढं अंधार करून पडायचं. बाहेरची सगळी कामं सकाळच्या चार तासांत आणि दिवे लागल्यावर. म्हणजे वऱ्हाडात म्हाताऱ्या माणसाचा जागा, कामाचा दिवस आधीच चोवीसातला जेमतेम आठ-नऊ तासांचा आहे. पाहुण्यांना वाटतं तसा तो गोदामात पडून नाही.

बरं, तिकडे खरंच फुरसत नाही म्हणून हे होतं का? तर माझ्या बहिणीचा थोरला मुलगा कॅलिफोर्नियात आहे आणि धाकटा पुण्यात, हिंजवडीत. पुणे आणि अकोला यांच्यात घड्याळाचा फरक शून्य. धाकट्याचा फोन किती वेळा येतो? थोरल्यापेक्षा कमी. तोही गाडीतूनच. इथं कोणत्या रेखांशाला दोष द्यायचा? साडेतेरा तास हे कारण असतं तर शून्य तासांवरचा मुलगा रोज बोलायला हवा होता. थोरल्याचं निदान निमित्त तरी भारदस्त आहे.

थोडं मागं जाते, कारण वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जायचा. 1867 पर्यंत रेल्वे इथून पुढं नागपूरला पोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले, रेल्वेची शाखा आणि कापसाचा बाजार सुरू करायला. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. कापसाच्या ज्या भावाची बातमी यायला फार वेळ लागायचा तो तारेनं येऊ लागला. वर्गात मी मुलांना एक गंमत करून दाखवायची: मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरा, खालचा सहा वर आणा, की इंग्लंडची हिवाळ्यातली वेळ दिसते. आपले बारा वाजले असतील तर तिथले साडेसहा. मुलं खूश व्हायची. त्या काळी आपल्याकडे प्रमाणवेळ नव्हती, पण फरक साधारण तेवढाच, पाच तासांच्या वर. लिव्हरपूलचा दलाल दुपारी चारला सौदा करत असेल तेव्हा खामगावात जेवणं उरकून अंथरुणं पडलेली. मग भावासाठी जागं कोण राहत असेल? लिव्हरपूलनं वऱ्हाडच्या सोयीसाठी कधी पहाटे बाजार उघडला नाही. ज्याला गरज त्यानं जागायचं, ज्याच्या हातात भाव त्यानं झोपायचं. दीडशे वर्षांत यात बदल काय झाला?

आजही आमच्या गल्लीत रात्री दीड वाजता एका वरच्या खोलीत दिवा असतो. मुलगा पुण्याच्या कंपनीचा, काम अमेरिकेतल्या ग्राहकाचं, राहतो घरीच. त्याची आई रात्री बाराला उठून त्याला ताट वाढते. त्याचं दुपारचं जेवण ते. पगार तिकडच्या कामाचा, म्हणून घड्याळही तिकडचं, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही, माझीही नाही. पगार घेतला की वेळ द्यावी लागते. पण हाच नियम पाहुणे घरात आणतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं: आईबाप कोणाकडून पगार घेतात? कोणत्या करारानं दरवेळी त्यांनीच जागायचं?

ट्रंक कॉलच्या काळात आणि नंतर एसटीडी बूथवरही आम्ही रात्री रांगेत उभे राहिलोच. रात्री दर उतरायचे म्हणून. तेव्हा जागणं पैशासाठी होतं आणि दोन्हीकडचे जागत होते. आता बोलायला पैसा लागत नाही, म्हणूनच कदाचित बोलण्याची किंमत उतरली. असो, हे माझं रडगाणं झालं.

आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर पाहुणे म्हणतील बाई एकतर्फी बोलतात. आम्ही ज्येष्ठ काही धुतल्या तांदळासारखे नाही. मुलगी मीटिंगमध्ये आहे हे सांगूनही तीन-तीनदा फोन लावणारे आम्हीच. फोन आला की टीव्हीचा आवाज बंद न करणारे, अर्धं लक्ष मालिकेत ठेवून 'हं, हं' करणारे आम्हीच. शिवाय 'तुला आमची आठवणच नाही' हे पहिलंच वाक्य. असं स्वागत झालं तर माणूस गाडीतूनच फोन करणार, कारण तिथं निदान घर आलं म्हणून ठेवता येतं. हे मला माझ्या लेकीनं तोंडावर सांगितलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशी पटलं.

मग आम्ही दोघींनी मिळून कागद घेतला आणि पाहुण्यांनी केलं नाही ते गणित केलं. हिवाळ्याचा हिशेब: माझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिचे सकाळचे सहा. माझे पहाटेचे साडेपाच म्हणजे तिची आदल्या दिवशीची दुपार, चार वाजताची. मध्यरात्र कोणाचीच जात नाही. जाते ती फक्त सकाळची तासभर झोप, आठवड्यातून एकदा, एकीची. तेवढी देऊन टाकायची, पाळीपाळीनं. एका रविवारी तिनं सहाला उठायचं, मी संध्याकाळी दिवाबत्ती करून बसलेली. पुढच्या आठवड्यात मी सोमवारी पहाटे साडेपाचला उठायचं, ती रविवारी दुपारी चहा घेऊन बसलेली. गाडीत नाही, टीव्हीसमोर नाही. तक्रार पहिल्या दहा मिनिटांत नाही. ज्या आठवड्यात ती थकलेल्या आवाजात बोलते त्या आठवड्यात मला कळतं, ही उठली आहे माझ्यासाठी. हे मला कोणत्याही तक्त्यातून कळलं नसतं. आणि तिलाही पहिल्यांदा माझा पहाटेचा, घोगरा आवाज ऐकू आला. म्हणाली, "आई, इतकी वर्षं तू याच वेळी उठून बोलत होतीस?" होय, याच वेळी.

तेव्हा पाहुण्यांना माझा निरोप असा. तुम्ही शिकवलंत ते नियोजन नव्हे. एकाच्या गळ्यात दोघांचं घड्याळ बांधलंत तुम्ही. पुढच्या डिसेंबरात याल तेव्हा आईवडिलांना तक्ते वाटू नका. एक व्याख्यान तिकडं, तुमच्या वयाच्या मंडळींसमोर द्या, आणि त्यात एवढंच विचारा की गेल्या वर्षभरात आईशी बोलण्यासाठी गजर लावून उठलेले किती जण आहेत. हात मोजा. स्वतःचाही धरा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे तिकडची घड्याळं एक तास पुढं उडी मारतील, म्हणजे त्या रात्री तिकडे प्रत्येकाची तासभर झोप कमी होणार. आमचं वेळापत्रक मी पाहून ठेवलं आहे. त्या रविवारी उठायची पाळी लेकीची आहे. तिनं अदलाबदल मागितली होती, मी नाही म्हटलं.